‘सर, आधी कार्बन की आधी गरमी?’ एका माहितीपटाने माझी विकेट काढली

खडूमास्तर

मंडळी, मदत हवी आहे आणि सोमवारच्या आत हवी आहे.

सिन्नर तालुक्यातल्या एका शाळेत मी नववीला विज्ञान शिकवतो. दोन वर्षं झाली, हवामानबदलाच्या तासाला अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांच्या २००६च्या ‘अॅन इनकन्व्हिनियंट ट्रुथ’ या माहितीपटातला एक तुकडा दाखवतो. बघितलेल्यांना आठवेल. अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या नमुन्यांवरून काढलेला साडेसहा लाख वर्षांचा आलेख भिंतभर पसरलेला असतो, आजच्या काळाशी आल्यावर कार्बन डायऑक्साइडची रेघ वर चढायला लागते आणि तिचं टोक दाखवायला गोर चक्क यांत्रिक पाळण्यात उभे राहून वर जातात. पोरं आधी हसतात, मग गप्प होतात. मला तेवढं गप्प होणंच हवं असतं.

परवा शुक्रवारी मागच्या बाकावरून हात वर आला. मुलाच्या घरी पोल्ट्री आहे, वडिलांच्या फोनवर जगभरातलं काय काय येत असतं. म्हणाला, “सर, त्या बर्फाच्या आलेखात आधी गरमी वाढते आणि कार्बन आठशे वर्षांनी वाढतो. मग कार्बनमुळे गरमी वाढली असं कसं?” मी म्हणालो, “छान प्रश्न आहे.” मास्तर हे वाक्य कधी म्हणतात ते इथल्या मास्तरांना सांगायला नको. तेवढ्यात घंटा झाली म्हणून वाचलो.

उलगडा संध्याकाळी झाला. तोच ऐवज आमच्या मेव्हण्यानेही घरच्या ग्रुपवर टाकला होता, वर शेरा: “दाजी, शाळेत खोटं शिकवू नका.” ब्रिटनच्या चॅनल ४ वर ८ मार्च २००७ला लागलेला माहितीपट, ‘द ग्रेट ग्लोबल वॉर्मिंग स्विंडल’, दिग्दर्शक मार्टिन डर्किन. मी रात्री जेवणं झाल्यावर लावला आणि एका बैठकीत संपवला.

आता कबुली देतो. मला तो आवडला. ओळीने प्राध्यापक येतात, त्यातले एक अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे. प्रत्येकजण शांतपणे बोलतो, मध्ये सूर्याचा आणि तापमानाचा आलेख असा एकमेकांवर बसतो की जणू एकाच कापडातून कापलेत. अर्ध्या तासाने माझी मान आपोआप डोलायला लागली. आणि मग लक्षात आलं, गोर पाळण्यात चढतात तेव्हाही माझी मान अशीच डोलते. दोन्ही वेळा मी स्वतः काहीच तपासलेलं नव्हतं. एकाची बाजू मला आधीपासून पटलेली होती, एवढाच काय तो फरक.

तर आठशे वर्षांचं उत्तर काय द्यायचं, ते सांगा. आणि टीव्हीवर, तेही ब्रिटनच्या, असं काही दाखवलं तर विचारणारं कोणी असतं की नाही? की वर्गात पडदा लावणंच बंद करू?

---

वरणभात_विलायती

मास्तर, तो मी तेव्हाच पाहिला होता. नवीन लग्न होऊन इकडे ब्रिटनमध्ये आले होते, संध्याकाळी चारला अंधार पडतो या धक्क्यातून जेमतेम सावरत होते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळ्यांच्या तोंडी तोच विषय. माझा तेव्हाचा बॉस एरवी “आज हवा बरी आहे” यापलीकडे बोलत नसे, तोसुद्धा “मी म्हणतच होतो” म्हणून चहा ढवळत होता.

विचारणारं कोणी असतं का, तर असतं. ऑफकॉम नावाची नियामक संस्था आहे. तिच्याकडे २६५ तक्रारी गेल्या, त्यातली एक पावणेदोनशे पानांची. निकाल लागला जुलै २००८मध्ये, म्हणजे सोळा महिन्यांनी. तोवर डीव्हीडी निघून जगभर फिरलीसुद्धा.

निकाल मात्र नीट वाचा, कारण दोन्ही बाजूंनी तो अर्धाच सांगितला जातो. आयपीसीसी (हवामानबदलावरची संयुक्त राष्ट्रांची वैज्ञानिक समिती), ब्रिटन सरकारचे माजी मुख्य वैज्ञानिक सल्लागार डेव्हिड किंग आणि ते तुमचे एमआयटीचे प्राध्यापक, कार्ल वुन्श, यांच्यावर अन्याय झाला असं ऑफकॉमने म्हटलं (वुन्श यांची तक्रार अंशतः मान्य झाली). माहितीपटाच्या पाच भागांपैकी विकसनशील देशांच्या धोरणांवरच्या शेवटच्या भागात निःपक्षपातीपणाचा नियम मोडला असंही म्हटलं. पण प्रेक्षकांचं नुकसान होईल इतकी दिशाभूल झाली, असं मात्र म्हटलं नाही. मग चॅनलवाले म्हणायला मोकळे, बघा, आम्ही सुटलो!

आणि यातली खरी गंमत अशी. निःपक्षपातीपणाचा नियम फक्त वादग्रस्त राजकीय विषयांना लागू होतो. ऑफकॉमने म्हटलं की माणसामुळे तापमान वाढतंय का, हा प्रश्न मार्च २००७पर्यंत बऱ्याच अंशी निकाली निघाला होता, त्याला वादग्रस्त म्हणता येत नाही. सबब पहिल्या चार भागांना तो नियम लागूच नाही. थोडक्यात, विज्ञान इतकं पक्कं आहे की त्याविरुद्ध एकतर्फी कार्यक्रम करायला आडकाठी नाही! मी नवऱ्याला हे तीनदा वाचून दाखवलं, तरी त्याला वाटत होतं मीच चुकीचं वाचतेय.

---

कात्रीवाला

मास्तर, पंचवीस वर्षं एडिटिंग केलं. आधी टेपवर, मग संगणकावर. सरकारी जलसंधारणापासून ते मसाल्याच्या कारखान्यापर्यंत सगळं कापलंय. विज्ञानावर बोलायची माझी लायकी नाही, जोडकामावर बोलतो.

फिल्ममधलं वुन्श यांचं वाक्य आठवा. समुद्र तापला की त्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, थंड झाला की आत शोषला जातो. वाक्य शंभर टक्के खरं. त्यांचं म्हणणं असं की, समुद्रात केवढा प्रचंड कार्बन साठलाय आणि तो तापवणं किती धोक्याचं आहे, हे समजावण्यासाठी ते तसं बोलले. फिल्ममध्ये ते बसलं “कार्बन तर आपोआपच समुद्रातून येतो, माणसाचा काय संबंध” या निवेदनाच्या शेजारी. वाक्यातला एक शब्द बदललेला नाही. शेजार बदलला. आमच्या धंद्यात याला फसवणूकही म्हणत नाहीत, ‘फ्लो’ म्हणतात. मीही केलंय. एका गावच्या सरपंचाचं “पाणी आलं” हे वाक्य टँकरबद्दल होतं, मी ते बंधाऱ्याच्या शॉटवर टाकलं. साहेब खूश झाले.

आलेखाचं त्याहून वाईट. पहिल्या प्रक्षेपणात विसाव्या शतकाच्या तापमानाचा जो आलेख होता, त्यातली माहिती १९८०च्या दशकातच संपत होती, आणि खालची काळाची रेघ मात्र ताणून २०००पर्यंत नेली होती. म्हणजे सगळ्यात जास्त तापलेली वर्षं कागदावरूनच गायब. हे उघडकीला आल्यावर डर्किननी चूक कबूल केली आणि पुढच्या प्रक्षेपणात आलेख बदलला. ज्वालामुखी माणसापेक्षा जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतात हे वाक्यही नंतर काढलं. खरा हिशेब उलटा आहे, माणसाचा वाटा ज्वालामुखींच्या शंभरपटीच्या आसपास जातो.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. याच दिग्दर्शकाच्या १९९७च्या पर्यावरणवाद्यांवरच्या मालिकेबद्दल तिथल्या तेव्हाच्या नियामकाने ठपका ठेवला होता, की मुलाखती निवडक कापून लोकांची मतं वेडीवाकडी दाखवली. चॅनलला जाहीर माफी मागावी लागली होती. तरी दहा वर्षांनी त्याच माणसाला त्याच चॅनलने परत काम दिलं. टीआरपी कुणाला नको असतो?

---

उलटा_चष्मा

सगळे एका सुरात चाललेत म्हणून थोडा बेसूर लावतो.

कात्रीवाले भाऊ, कात्री काय फक्त एकाच बाजूच्या हातात असते? बीबीसीची २०११ची ध्रुवप्रदेशांवरची मालिका घ्या. अस्वलाची पिल्लं बिळात जन्मताना दाखवली, बाहेर बर्फाचं वादळ, वर निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो यांचा आवाज. ती पिल्लं नेदरलँड्समधल्या प्राणिसंग्रहालयातली होती. त्यांनी वेबसाइटवर सांगितलं होतं म्हणे. टीव्ही बघताना वेबसाइट कोण उघडतो?

आणि आपल्या घरचं उदाहरण. हिमालयातल्या हिमनद्या २०३५पर्यंत नाहीशा होतील, असं आयपीसीसीच्या २००७च्या अहवालात छापलं होतं. आपल्या चॅनलांनी गंगा आटल्याची ग्राफिक्स फिरवली. आपल्या भूवैज्ञानिकांनी शंका काढली तर आयपीसीसीचे तेव्हाचे अध्यक्ष पचौरी त्याला ‘वूडू सायन्स’ म्हणाले. शेवटी जानेवारी २०१०मध्ये आयपीसीसीनेच कबूल केलं की त्या दाव्याला आधार नव्हता. एका स्वयंसेवी संस्थेच्या अहवालातून उचललेला आकडा होता तो.

मी हवामान बदलत नाही म्हणत नाहीये. पण भीती दाखवून पटवलेली गोष्ट एक दिवस उलटतेच. मास्तरांच्या वर्गातला पोरगा त्यासाठीच उभा राहिला, आणि बरं झालं.

---

हवेत_इमले

चष्मेबुवा, २०३५बद्दल पूर्ण सहमत. ती चूक लाजिरवाणीच होती. फक्त एवढं जोडतो की ती सापडली कशी, तर हिमनद्यांवर काम करणाऱ्यांनीच ते पान वाचून आरडाओरडा केला म्हणून. बिळातल्या अस्वलाचं म्हणाल तर त्या मालिकेबद्दल माझी तक्रार वेगळीच आहे. तिच्या सात भागांपैकी हवामानबदलावरचा सातवा भाग बीबीसीने परदेशी वाहिन्यांना विकताना ऐच्छिक ठेवला होता. काहींनी तो घेतलाच नाही. अमेरिकेत डिस्कव्हरीने आधी नाही म्हटलं आणि टीका झाल्यावर दाखवायचं ठरवलं. म्हणजे अस्वल सगळ्यांना हवं, त्याच्या पायाखालचा बर्फ का वितळतोय ते मात्र नको.

मास्तर, आता तुमचं आठशे वर्षांचं. माझं पोट हवामानाच्या आकड्यांवरच चालतं, तर जरा लांबण लावतो.

मुलगा बरोबर आहे. अंटार्क्टिकातल्या बर्फाच्या नमुन्यांत हिमयुग संपताना तापमान आधी चढू लागतं, कार्बन डायऑक्साइड काही शतकं मागून येतो. आठशे हा आकडा तिथलाच. गोरच्या फिल्ममध्ये हे सांगितलं नाही, आणि ते सांगायला हवं होतं असं माझं स्पष्ट मत आहे. ती फट उघडी राहिली म्हणून तर डर्किनना त्यात पाय घालता आला.

पण हिमयुग संपायला सुरुवात कार्बनने होतच नाही. पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल हजारो वर्षांत किंचित बदलतो, उन्हाची वाटणी बदलते, थोडं तापतं. मग समुद्र कार्बन डायऑक्साइड सोडतो (वुन्श यांचं वाक्य!), त्याने आणखी तापतं, आणखी सुटतो. हे तापणं चालतं सुमारे पाच हजार वर्षं. त्यातली पहिली आठशे कार्बनशिवाय गेली असं धरलं तरी उरलेल्या चार हजारांवर त्याचा हात आहेच. शिवाय तो नमुना फक्त अंटार्क्टिकाचा. २०१२मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात जगभरच्या नोंदी एकत्र करून केलेला अभ्यास आला, त्यात शेवटच्या हिमयुगानंतर पृथ्वीचं सरासरी तापमान कार्बनच्या मागून चढलेलं दिसतं.

नववीच्या पोरांना असं सांगा. आजोबांच्या काळी आधी दुष्काळ पडायचा, मग सावकाराचं कर्ज व्हायचं, आणि व्याजाने घर आणखी खचायचं. दुष्काळ आधी, कर्ज मागून. म्हणून कर्जाने घर बुडत नाही, असं आजोबांना सांगून बघा! या वेळी दुष्काळ नसतानाच आपण कर्ज उचललंय. औद्योगिक क्रांतीआधी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत २८० होता, आज ४२०च्या वर आहे.

सूर्याचं थोडक्यात सांगतो. १९८०नंतर सूर्याची तीव्रता वाढलेली नाही आणि तापमान वाढतच गेलंय. त्यात वातावरणाचा वरचा थर, स्थितांबर, थंड झालाय. सूर्यच जास्त तापवत असता तर तोही तापला असता. गोधडी पांघरल्यावर आत ऊब आणि वर गार, तसं हे.

---

उलटा_चष्मा

कर्जाचं उदाहरण पटलं. पण मग १९४० ते ७५ कार्बन वाढत असताना तापमान का थांबलं होतं? फिल्ममध्ये हा मुद्दा आहे, तो कोणी घेत नाही.

---

हवेत_इमले

घेतो की. युद्धानंतर कारखान्यांच्या धुराड्यांतून निघालेलं सल्फेट. त्याचे बारीक कण ऊन परतवतात. पुढे अमेरिका-युरोपात धूर साफ करायचे कायदे आले, कण कमी झाले आणि झाकलेली गरमी वर आली. हे कण काही दिवसांत पावसाबरोबर खाली येतात, कार्बन डायऑक्साइडचा बराचसा भाग शतकानुशतकं राहतो.

---

घडकाप्या

राम राम. निफाडकडचा आहे, द्राक्षाची बाग.

तुमी सगळे शिकलेले लोक अस्वलावर भांडताय. मी तर म्हणतो अस्वल खरं असो का पिंजऱ्यातलं, त्याचा माझ्या बागेशी काय संबंध ते कुठल्याच फिल्ममधी सांगत नाही. २०१४ला फेब्रुवारी-मार्चात गारा पडल्या. काढणीला आलेला माल. त्या आठवड्यात टीव्हीवाले आले, मला म्हणाले काका जरा घड हातात धरून बसा. बसलो. रात्री लावलं तर मागं सनईसारखं रडकं वाजत होतं आणि खाली पट्टी, ‘निसर्ग कोपला’. कोपला का, कशानं, पुढं काय करायचं, एक अक्षर नाही. ती फिल्म खोटी, ही फिल्म भीतीची, आणि आमच्यावरची फिल्म नुसती रडायची.

---

हवेत_इमले

घडकाप्या दादा, तुमचा प्रतिसाद चिकटवून ठेवायला हवा. प्रामाणिकपणे सांगतो, ती गारपीट हवामानबदलामुळेच झाली असं मला ठामपणे म्हणता येणार नाही. गारांच्या बाबतीत पुरावा अजून कच्चा आहे. पावसाचं वेगळं आहे. पुण्याच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७मध्ये दाखवलं, की मध्य भारताच्या पट्ट्यात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि एकूण मोसमी पाऊस मात्र कमी होत गेला. अरबी समुद्र तापल्याने बाष्पाचे लोंढे येतात, असं त्यांचं म्हणणं. यात रडकं संगीत बसत नाही, म्हणून कोणी फिल्म करत नसेल.

---

कात्रीवाला

सनई माझी नाही हो दादा. पण तसली लावलीये मी, खोटं कशाला बोलू. सगळ्यांसाठी तीच एक ट्रॅक असते, पूर आला, गारा पडल्या, नेता गेला, तीच.

---

खडूमास्तर

सोमवार होऊन गेला, वृत्तांत देतो.

मुलाला पुढे बोलावलं आणि वर्गाला सांगितलं की याचा प्रश्न बरोबर होता, मला उत्तर येत नव्हतं, दोन दिवस लोकांना विचारत होतो. तो कानापर्यंत लाल झाला. मग सोडा वॉटरच्या दोन बाटल्या. झाकण काढून लगेच तोंडावर फुगे चढवले, एक बाटली बर्फाच्या पाण्यात, एक गरम पाण्याच्या बादलीत. गरमवाल्याचा फुगा ताठ उभा राहिला तेव्हा वुन्श यांचं वाक्य फळ्यावर लिहिलं. मग सावकाराची गोष्ट. तिला पोरं हसली नाहीत. कर्ज म्हणजे काय ते आमच्याकडे समजवावं लागत नाही.

आलेखाचा प्रयोग माझा स्वतःचा, त्याची जरा फुशारकी मारतो. आमच्याच वर्गाची हजेरी घेतली. जून ते दिवाळी उत्तम, पुढे कांदा लागवड सुरू झाली की बाकं रिकामी. मी आलेख काढला दिवाळीपर्यंतचाच, आणि खालची रेघ ताणून टोकाला ‘एप्रिल’ लिहिलं. विचारलं, हा हेडसरांना दाखवला तर काय म्हणतील? एक मुलगी म्हणाली, “खूश होतील, पण सर, लागवडीचे महिने गेले कुठं?” मग डर्किनचा आलेख पडद्यावर लावला. कोणाला काही सांगावं लागलं नाही.

मेव्हण्यालाही हजेरीचा आलेख पाठवला. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

पण मंडळी, मधल्या सुट्टीत तो पोल्ट्रीवाल्याचा पोरगा परत आला. म्हणे, “सर, तुमच्या त्या पाळण्यावाल्या पिच्चरमध्ये समुद्र वीस फूट वर येतो आणि कोलकाता बुडतं. त्या आलेखाच्या खालची रेघ कुठं आहे?” आता?

---

वरणभात_विलायती

अगं बाई, हुशार आहे हो पोरगं! त्याला सांगा, हा प्रश्न इकडे कोर्टात गेला होता. २००७मध्ये सरकारने ती फिल्म इंग्लंडच्या शाळांना वाटली, तेव्हा केंटमधला एक ट्रकचालक, जो शाळेच्या मंडळावरही होता, थेट हायकोर्टात गेला. न्यायमूर्ती बर्टन यांनी म्हटलं की फिल्मचं मूळ म्हणणं विज्ञानाला धरून आहे, पण नऊ ठिकाणी ती सर्वमान्य मताच्या पलीकडे जाते. पहिलंच उदाहरण वीस फुटांचं. एवढं पाणी चढायला हजारो वर्षं लागतील, फिल्म बघून वाटतं उद्याच. आयपीसीसीचा त्या वर्षीचा अंदाज होता २१००पर्यंत १८ ते ५९ सेंटिमीटर. फिल्मवर बंदी आली नाही. सोबत शिक्षकांसाठी सूचना द्या, म्हणजे दाखवा, असं ठरलं.

---

खडूमास्तर

ताई, हे उत्तम. २०२१च्या अहवालातला अंदाज मी शोधला, तो जास्त आहे. २१००पर्यंत साधारण २८ सेंटिमीटर ते एक मीटर, आपण किती जाळतो त्यावर.

गुरुवारी परत तास आहे. पाळण्याचा तुकडा दाखवणार, पण या वेळी रिमोट त्या पोराच्या हातात देतोय. जिथे शंका येईल तिथे थांबवायचं. पस्तीस मिनिटांत आम्ही पाळण्यापर्यंत तरी पोचतो का, बघू.